दहा थेंब आणि शत्रूचं दुःख

कुठे युद्ध पेटलं की हा मजकूर हमखास फिरतो: ‘ज्यू धर्मात शत्रूच्या पतनाचा आनंद मानायला बंदी आहे. तांबड्या समुद्रात मिसरी सैन्य बुडालं तेव्हा देवाने गाणाऱ्या देवदूतांना गप्प केलं. म्हणून वल्हांडणाच्या रात्री ज्यू शत्रूच्या दुःखासाठी वाइनचे दहा थेंब सांडतात.’ (वल्हांडण हा मिसरच्या गुलामीतून सुटकेचा ज्यू सण.) पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण यात अर्धंच खरं आहे.

‘देवदूतांना गप्प केलं.’ हो, तालमूद या रब्बींच्या म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात, त्यातल्या मगिल्ला ग्रंथात रब्बी योहानान यांच्या नावाने हे आहे: माझ्या हातची निर्मिती बुडते आहे आणि तुम्ही गाता? पण हे बोल देवदूतांना आहेत. जीव वाचवून काठाला लागलेल्या माणसांना कुणी गप्प केलं नाही. बायबलमधल्या निर्गमच्या पंधराव्या अध्यायात लोकांना मिसरातून बाहेर काढणारा मोशे गातो, त्याची बहीण मिर्याम डफ घेऊन पुढे होते आणि सगळ्या बायका तिच्यामागे नाचत निघतात. मोशेचं ते गीत सकाळच्या प्रार्थनेत आजही रोज म्हणतात. तालमूदच्या त्याच पानावर पुढे म्हटलंय की देव स्वतः आनंद मानत नाही, पण इतरांना आनंदित करतो.

‘बंदी आहे.’ आधार बायबलमधल्या नीतिसूत्रे २४:१७ चा: तुझा शत्रू पडला तर आनंद करू नको. पुढचं वचन मात्र कुणी पाठवत नाही. नाहीतर परमेश्वराला ते आवडणार नाही आणि तो शत्रूवरचा आपला क्रोध आवरेल, असं कारण तिथे दिलंय! त्याच पुस्तकात ११:१० म्हणतं, दुर्जनांचा नाश होतो तेव्हा जयघोष होतो.

आणि मगिल्लातलाच एक प्रसंग बघा. ज्यूंच्या नाशाचा कट रचणारा पर्शियाचा दरबारी हामान; त्याला राजाच्या हुकमाने मर्दखय या ज्यूला घोड्यावर बसवून मिरवायचं आहे. उपासांनी खंगलेल्या मर्दखयला चढता येईना, म्हणून हामान वाकतो. त्याच्या पाठीवर पाय देऊन चढताना मर्दखय त्याला लाथ घालतो. हामान विचारतो, ‘शत्रू पडला तर आनंद करू नको, असं तुमच्यातच लिहिलंय ना?’ मर्दखय म्हणतो, ते आपल्या माणसांबद्दल, तुझ्याबद्दल नाही. ज्या रब्बींनी हे वचन जपलं, त्यांनीच ते हामानच्या तोंडी घातलं. मला हा प्रसंग अस्वस्थ करतो, आणि म्हणूनच तो लपवू नये असं वाटतं.

‘दहा थेंब शत्रूच्या दुःखासाठी.’ सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकूवचे रब्बी मोशे इस्सर्लेस थेंब सोळा मोजतात आणि त्यांचा संबंध देवाच्या सूडाच्या तलवारीशी जोडतात. करुणेचा अर्थ बराच अलीकडचा. आज कित्येक घरांत तो मुलांना मनापासून सांगितला जातो, आणि छानच आहे. पण त्याच रात्री वाचल्या जाणाऱ्या हग्गादात (त्या रात्रीची पोथी; बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी तिची हिब्रू-मराठी आवृत्ती १८७४ साली पुण्यात निघाली होती) ‘तुझा क्रोध ओत’ ही प्रार्थनाही असते.

संयमाचा खरा पुरावा हवा असेल तर लाटवियातल्या द्विन्स्कचे रब्बी मेइर सिम्हा (मृत्यू १९२६) वाचा. ते दाखवतात की एस्तेरच्या पुस्तकात (हामान-मर्दखयची गोष्ट यातलीच) शत्रूंशी लढाई अदार महिन्याच्या तेराव्या दिवशी झाली, पण त्या सुटकेचा पुरीम सण ठेवला तो विश्रांतीच्या, म्हणजे चौदाव्या दिवशी. वल्हांडणाचा सातवा दिवस (परंपरेनुसार सैन्य बुडालं तो दिवस) पाळायची आज्ञाही मिसरातच, सैन्य बुडायच्या आधी दिली होती, म्हणजे तो सण बुडणाऱ्यांचा उत्सव ठरू नये. पुढे पाठवायचंच असेल तर हे पाठवा.