"बंदूक पाण्यानं धुतली" या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं आहे की, "आजोबांची ठासणीची बंदूक यांनी चक्क साबणाच्या पाण्यानं धुतली, पंधरा दिवसांत गंजली. दुनळीचं काळं पॉलिश घालवलं. वर साडेतीनशेची तेलाची बाटली गळ्यात मारली. खोबरेल चालेल का विचारलं तर पोरगा हसला." तुमचं नाव-गाव मी इथे लिहीत नाही. कोणाच्या घरी कोणतं हत्यार आहे, हे चारचौघांत सांगायचं नसतं. पण तक्रार चारचौघांत केली, म्हणून उत्तरही इथेच देतो.

आधी पाण्याचं. होय, धुतली, आणि पुन्हा आणली तर पुन्हा पाण्यानंच धुईन. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून ठासून भरायच्या बंदुकीत काळी बारूद जळते: सोरा, गंधक, कोळसा. जळल्यावर नळीत जी राख बसते ती बरीचशी क्षारांची असते. हे क्षार हवेतली ओल ओढतात. पोळ्याच्या दिवसांत तर विचारूच नका. ते रॉकेलमध्ये विरघळत नाहीत, पेट्रोलमध्ये नाहीत, कोणत्याही तेलातही नाहीत. पाण्यात विरघळतात. तुम्ही वर्षानुवर्षं त्या राखेवरच तेल सोडत आलात, त्यामुळे आत डांबरासारखा थर झाला होता. पहिलं उकळतं पाणी ओतलं तेव्हा खालून शाईसारखं काळं पाणी आलं आणि सडक्या अंड्याचा वास सुटला. शेजारचा चहावाला विचारायला आला, काय मेलं म्हणून. सातव्या तांब्याला पाणी स्वच्छ आलं. पाणी उकळतं घ्यायचं ते एवढ्यासाठी, की नळी इतकी तापते की आतली ओल आपोआप उडते, आणि ती कोमट असतानाच तेलाचा बोळा फिरवायचा.

आता आमची चूक. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. गंज नळीभर नाही, ठिणगी देणारी टोपी बसते त्या निपलच्या भोवती आहे. म्हणजे निपल खोलून त्याचे आटे वेगळे सुकवायला हवे होते, ते झालं नाही. आट्यांत पाणी राहिलं. त्या दिवशी बाजार होता, गर्दी होती, पण ती सबब नाही. हे काम मी स्वतः पुन्हा करून देतो, पैसे लागणार नाहीत.

दुनळीची गोष्ट वेगळी आहे. विधानसभेच्या निवडणुकीच्या वेळी ती पोलीस ठाण्यात जमा होती आणि परत आणल्यावर चामड्याच्या कव्हरासकट आढ्याला टांगली, हे तुम्हीच काउंटरवर सांगितलं. चामडं ओल धरतं, आणि ते कमावताना वापरलेलं मीठ-रसायन त्यात थोडंफार राहतं. कव्हर बंदूक नेण्या-आणण्यासाठी, ठेवण्यासाठी नाही. आणि भाऊ, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या फटीत मला चिंचेचा रेषा सापडला. घरी कोणी तरी तांब्याच्या घागरीसारखी चिंच लावून घासली असणार. हेतू चांगला, पण काळं पॉलिश, म्हणजे ब्लूइंग, हाही लोखंडाचा ऑक्साइडच आहे. गंज खाणारं आंबट लाल आणि काळा असा भेद करत नाही, दोन्ही खातं. चिंच असो, लिंबू असो की संडास साफ करायचं ॲसिड. आमच्याकडे आली तेव्हा हाताएवढा पट्टा आधीच उघडा पडला होता. उरलेला गंज आम्ही तेल आणि बारीक स्टील वूलनं काढला, तेव्हा गंजाखालचं पॉलिशही गेलं आणि पट्टा वाढला. ते करण्याआधी तुम्हाला फोन करून दाखवायला हवं होतं. तो केला नाही, एवढं माझ्या माथी.

"मग पूर्ण नळी गरम ब्लूइंग करून द्या," असं तुम्ही म्हणालात आणि मी नाही म्हटलं, त्याचाही राग दिसतो. दुनळीच्या नळ्या आणि पट्टी बहुतेक वेळा कथलाच्या डाखानं जोडलेल्या असतात. गरम ब्लूइंगची हौदी म्हणजे कॉस्टिक सोड्याचं 140 अंशांच्या आसपास उकळणारं पाणी. ते हा डाख खातं. आज नळी चकचकीत दिसेल, पुढे कधी तरी पट्टी सुटेल. कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी देऊ नका. थंड ब्लूइंगचा, म्हणजे न उकळता चोळायच्या रसायनाचा, हात मारून देईन, पण तो मूळ रंगाला लागत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तेलाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. साडेतीनशेची बाटली घ्यायलाच हवी असं काही नाही. शिलाई मशीनचं तेल चापाच्या, बिजागरीच्या कामाला उत्तम, मीही वापरतो. फक्त ते पातळ असतं, ओघळून जातं, पावसाळ्यात दर पंधरवड्याला पुन्हा पुसावं लागतं. तुम्ही म्हणालात शेतातल्या रात्रीच्या जागलीच्या धामधुमीत एवढं होत नाही, म्हणून जाड तेल दिलं. बाटली फोडली नसेल तर परत आणा, पैसे देतो. डब्ल्यूडी-40 घरात असेल तर तेही चालतं, पण पाणी हटवायला आणि जाम झालेलं सोडवायला. त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे तेलाचा जेमतेम थर उरतो. त्या भरवशावर चार महिने बंदूक ठेवू नका.

पोरगा हसला, त्याबद्दल माफी. त्याला बोललो आहे. वडील दुकानात असताना अर्धा तालुका खोबरेलच लावत होता, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण लावू नका. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात डोक्याला लावायची बाटली आपण उन्हात ठेवतो ना, तेच तेल घोड्याच्या आत गोठलं की घोडा जड पडतो आणि काडतूस फुटत नाही. रात्री धुऱ्यावर रानडुकरांचा कळप उभा असताना हे कळून काय उपयोग?

जवसाचं तेल तर बंदुकीच्या कुलपात, म्हणजे चाप-घोड्याच्या यंत्रात, चुकूनही नको, ते वाळून वार्निश होतं. लाकडी दस्त्याला मात्र त्याच्यासारखं दुसरं नाही. दोन थेंब तळहातावर घ्या, लाकूड गरम होईपर्यंत चोळा, रात्रभर ठेवून पुसा. चिंधी वापरली तर ती बोळा करून घरात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी वाळताना आपोआप तापते आणि पेटूही शकते. तुमच्याकडे ओसरीत कापूस भरलेला असतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. पाण्यात बुडवा किंवा अंगणात पसरून वाळवा. रॉकेल-पेट्रोलची चिंधी आपोआप तापत नाही, पण ठिणगीनं पेटते, म्हणून तीही घरात टाकू नका. पेट्रोलनं तर धुऊच नका, बाप्पा, चुलीपासून दहा हात लांब असलात तरी.

शहरातल्या दुकानात तांबं काढायचं सॉल्व्हंट वापरतात आणि आमच्याकडे ते नाही, असंही शेवटी लिहिलंत. ते रायफलीसाठी, जिच्या गोळीवर तांब्याचं कवच असतं. तुमच्या दोन्ही बंदुकांतून शिशाचे छर्रेच जातात. दुनळीत शिसं आणि काडतुसातल्या प्लास्टिकच्या डाटाचे पट्टे बसतात, त्याला पितळी ब्रश, साधं सॉल्व्हंट आणि मनगटाचा जोर लागतो.

मंगळवार सोडून कधीही या, बाजाराचा दिवस टाळलात तर बरं. परवान्याचं पुस्तक सोबत आणा, काडतुसं घरीच ठेवा. आणि बंदूक आणायची ती कव्हरात आणा, पण परत नेल्यावर कव्हर वेगळं टांगा.