पळसाचा रंग दुपारी उठत नाही, फुटतो

पळसाच्या फुलांचे फोटो कसे काढावेत यावरच्या लेखातलं ‘पळस भर दुपारी टिपा, रंग उठतो’ हे वाक्य पटलं नाही. कडक उन्हात कॅमेऱ्याचा लाल चॅनेल (फोटोतला लाल रंगाचा भाग) आधी फुटतो, म्हणजे मर्यादेपलीकडे उजळून त्यातले बारकावे जातात, आणि पाकळ्यांवरची मखमली लव जाऊन नुसता केशरी डाग उरतो. सगळ्या रंगांचा एकत्रित हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, फसगत तिथेच! लाल चॅनेल वेगळा बघा, एक्स्पोजर (फोटोसाठी आत घेतलेला प्रकाश) पाऊण ते एक स्टॉप कमी करा; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा. काळपट देठ आणखी काळा पडेल, पडू द्या.

फेब्रुवारी-मार्चात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-हरसूलकडे जाणार असाल तर सकाळी आठच्या आत पोहोचा. सूर्य झाडामागे ठेवला की पाकळ्या आतून उजळतात. आणि बुंध्याशी उभं राहून वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स वर रोखू नका, झाड मागे कललेलं दिसतं. वीस पावलं मागे जा, ७०-८५ मिमीची लेन्स वापरा.