उजनीत पाणी किती, एवढंच विचारून कसं चालेल?

2021 च्या उन्हाळ्यात सोलापूर जिल्हा 5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यासाठी पेटला होता. पुण्याकडून भीमेवरच्या उजनी धरणात येणाऱ्या सांडपाण्यापैकी तेवढं पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्याला उचलून द्यायचा आदेश निघाला, आंदोलनं झाली आणि मे महिन्यात तो रद्द झाला. नेदरलँड्समधून मी रोजच्या बातम्या वाचत होतो. माझी बाजू सोलापूरचीच होती, आजही आहे. पण सोलापूर आणि इंदापूर ज्यासाठी भांडत होते ते शहराचं सांडपाणी होतं, आणि त्याचा संताप मात्र कुणाच्याच भाषणात दिसला नाही.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा मैला, कारखान्यांचं पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे पाण्याला घातलेलं खतच. त्यावर शेवाळ आणि जलपर्णी माजते. शेवाळ मेलं की ते कुजवणारे जीवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे तडफडून मरतात. या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात. धरणाच्या सुमारे 117 टीएमसीपैकी निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे. उन्हाळ्यात वरचा वापरायचा साठा संपून धरण 'मायनस'मध्ये, म्हणजे या मृतसाठ्यात, गेलं की तेच हिरवं, दाट पाणी उरतं. वर्षानुवर्षं तेच नदीत सोडून सोलापूरजवळच्या टाकळी-औज बंधाऱ्यात अडवलं गेलं आणि काही दिवसांआड सोलापूरकरांच्या नळाला दिलं गेलं!

मी राहतो त्या देशाला हेच दुखणं दुसऱ्या वाटेनं जडलं. युद्धानंतर सरकारनंच शेतकऱ्याला 'जास्त गुरं पाळ, जास्त दूध काढ' म्हणून पुढे ढकललं. शेणामुतातून उडणारा अमोनिया, म्हणजे नायट्रोजनचाच एक वायू, हिथर नावाच्या झुडपांच्या माळांवर, जंगलांवर उतरत राहिला. जमीन किती नायट्रोजन सोसू शकते, याची मर्यादा शास्त्रज्ञांनी मोजलेली होती. तरी परवाने दिले जात होते. 29 मे 2019 ला इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती पद्धत रद्द केली. हजारो बांधकामं अडकली, महामार्गावर दिवसाची वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटरवर आली, आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला धडकले. त्यांचा राग मला समजतो. काल शाबासकी देणारं सरकार आज गोठा बंद कर म्हणतं, तेव्हा माणूस चिडणारच.

म्हणून सोलापूरची काळजी वाटते. वर्षाला साधारण 550 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात आपण दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पिणारा ऊस लावतो. शेतकऱ्याला शहाणपण शिकवायला मी बसलेलो नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, आहे, कारखाना दारातून माल नेतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तशी हमीची खरेदी कुठे आहे? ती नसताना ऊस कमी करा म्हणणं अन्यायाचं आहे. मात्र कारखान्यांना परवाने देताना खोऱ्याची वहनक्षमता, म्हणजे इथलं पाणी आणि माती किती भार पेलेल, हे सरकारनं मोजायलाच हवं होतं. न मोजल्यानं भार नाहीसा होत नाही. तो एक दिवस सगळ्यात कमी जमीन असलेल्याच्या अंगावर येतो.

इथलंही पाणी काही निर्मळ नाही. युरोपात नेदरलँड्सचे ओढे-तळी बदनामच आहेत. फरक इतकाच की शेणखतातून हेक्टरी किती नायट्रोजन टाकला यावर इथे कायद्यानं हिशेब मागता येतो. युरोपचा 1991 चा नियम वर्षाला 170 किलो म्हणतो, आणि त्यावर गावोगाव वाद झडतात. उजनीच्या साठ्याची टक्केवारी आपल्याकडे पोरासोरांना तोंडपाठ असते. तिच्या शेजारी विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट आणि फॉस्फेट यांचे ताजे आकडेही लागायला हवेत: भिगवणला, धरणाच्या भिंतीपाशी, पंढरपूरला आणि टाकळीला. पुढच्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत सोलापूरच्या आमदारांनी आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या, तारखांआधी हे आकडे मागावेत, आणि पुण्याचं सांडपाणी पूर्ण शुद्ध होऊन भीमेत कधी येणार, याची तारीख लेखी घ्यावी.