बाराचा हिशोब केव्हाच पूर्ण झालाय
‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या ‘द रिॲलिटी वॉर’ (मे २०२५) या भागात पंधरावा डॉक्टर बदलतो, म्हणजे मालिकेने सुरुवातीपासूनचा बारा रिजनरेशनचा (मरताना डॉक्टर नवा चेहरा, नवं शरीर घेतो, त्याचा) नियम मोडला, असं एका लेखात म्हटलंय. दोन्ही गोष्टी चूक. नियम सुरुवातीपासूनचा नाहीच. चेहरा पहिल्यांदा बदलला १९६६ मध्ये, ‘रिजनरेशन’ हा शब्द आला १९७४ मध्ये आणि बाराची मर्यादा थेट १९७६ च्या ‘द डेडली असॅसिन’मध्ये.

आणि नियम मोडलेला नाही, तो कोटा वापरून संपलाय. अकराव्या डॉक्टरपर्यंत मोजलं तर दहाच बदल भरतात. पण आठवा आणि नववा यांच्यामध्ये क्रमांक न दिलेला वॉर डॉक्टर धरा, शिवाय २००८ मध्ये दहाव्याने रिजनरेशनची ऊर्जा आपल्याच कापलेल्या हातात वळवून तोच चेहरा टिकवला (पळवाटच म्हणायची!), तेही एक. झाले की बारा! म्हणून तर २०१३ च्या नाताळच्या भागात टाइम लॉर्ड्सना (डॉक्टरच्याच जमातीला) त्याला नवी ऊर्जा द्यावी लागली. त्यात किती बदल बसतात हे लेखकांनी मुद्दाम मोकळं ठेवलंय. २०१५ च्या ‘हेल बेंट’मध्ये खुद्द टाइम लॉर्ड्सचा प्रमुख रॅसिलॉनच डॉक्टरला विचारतो, किती रिजनरेशन दिली होती म्हणून. खरा गोंधळ शोधायचाच तर २०२० च्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’मध्ये शोधा, तिथे ही सगळी मोजणीच कोलमडते.