थोडा प्ले लागतोच

आमच्या जुन्या जीपचं स्टिअरिंग फिरवणं म्हणजे सरकारी कचेरीत अर्ज टाकणं. अर्ज टेबलाटेबलावरून फिरत कधीतरी चाकांपर्यंत पोचणार, आणि तोवर आपण समोरून येणाऱ्या एसटीकडे आशेने बघत बसायचं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना तर एका वळणाचा अर्ज मंजूर व्हायच्या आत पुढच्या वळणाचा भरावा लागे. सरळ रस्त्यावरही माझे हात सतत डावी-उजवी करत असत, आणि ओलांडून जाणारे दुचाकीवाले 'एवढ्या सकाळी?' अशा नजरेने बघत.

"थोडा प्ले लागतोच, पाव्हणं," म्हणजे स्टिअरिंगमध्ये थोडा ढिलेपणा असायचाच, यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकमत आहे. उपायावर मात्र नाही. शेजारी म्हणाले, अलाइनमेंट. मेव्हणा म्हणाला, टायर. त्याला जगातल्या कुठल्याही प्रश्नावर टायरच सुचतात. एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंग बॉक्सवरचा, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पाठवणाऱ्या पेटीवरचा, स्क्रू दाखवला. "ह्याला एक पीळ दिला की विषय संपला."

पीळ दिला आणि विषय वाढला. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे बॉक्समधली झीज मधोमध जास्त. तिथला ढिलेपणा जावा म्हणून स्क्रू आवळला की कडेला स्टिअरिंग जाम. आता वळण संपलं तरी जीप वळतच राही. तिला हाताने ओढून सरळ आणावं लागे.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. "वहिनींना शीटवर बसवा. स्टिअरिंग नुसतं हलवत ऱ्हायचं, हिकडं-तिकडं. टायर वळवायचं न्हाई."

बायको वर, आम्ही दोघे खाली उताणे. मिस्त्रींनी माझी बोटं धरून ड्रॅग लिंकच्या, म्हणजे बॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या, सांध्यावर ठेवली. "हिकडचं हलतंय, फुडचं गप हाय. कळलं?" कळलं. बोटाखाली एक टोक चुळबुळत होतं, दुसरं ढिम्म. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या दोन्ही टोकांना तेच. आणि चॅसिसवरचा बॉक्स? बोल्ट सैल झाल्यामुळे स्टिअरिंग फिरेल तसा तो स्वतःच मान डोलवत होता. म्हणजे अर्ज एका टेबलावर अडत नव्हता, प्रत्येकाने थोडा थोडा ठेवून घेतला होता.

मग पुढचं चाक जॅकवर. टायर वर-खाली धरून हलवला की खट्.

"वहिनी, ब्रेक दाबा."

पुन्हा खट्.

"मग किंगपिनच." ब्रेक दाबल्यावर आवाज गेला असता तर व्हील बेअरिंग, राहिला म्हणजे किंगपिन, चाक ज्या खिळीवर डावी-उजवी वळतं ती. इतकं सोपं! आमच्या घरातल्या भांडणांचं मूळ शोधायला असा एखादा ब्रेक असता तर, असं मनात आलं, पण ब्रेकवर पाय बायकोचा होता.

काम तसं पटकन झालं. सांधे नवे, किंगपिनची बेअरिंग नवी, तिच्या टोपीखालच्या पातळ चकत्या (शिम) काढून-घालून हवा तेवढा घट्टपणा आणला, बॉक्सचे बोल्ट आवळले, आणि तो पिळलेला स्क्रू पुन्हा सैल केला. टो-इनसाठी, म्हणजे पुढची चाकं किंचित आत वळलेली ठेवायला, यंत्र नाही. पुढचे दोन्ही टायर फिरवत त्यांवर खडूने रेघ ओढली आणि दोन्ही रेघांमधलं अंतर टेपने मोजलं. मागच्यापेक्षा पुढे सुमारे 2 मिलिमीटर कमी.

जीप सुतासारखी सरळ पळू लागली. मी ऐटीत किल्ली अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी ती जीप आयुष्यभर डावी-उजवी करत चालवलेली. हात सवयीने हलले आणि जीपने प्रत्येक हलणं ऐकलं. रंकाळ्याच्या कडेने आम्ही अशी नागमोडी गेलो की भेळवाल्याने गाडा मागे ओढला.

"बिघडवलीस गाडी," अप्पा उतरून म्हणाले. "होती तशी करून आण."

मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "करतो की. ढिली करायची मजुरी तेवढीच पडंल."