गोधडीखालचे मांजरपाट

गोधडी शिवणाऱ्याला लोक वरच्या ठिगळांबद्दल विचारतात. तळाला काय घातले आहे, याची चौकशी कोणी करत नाही. वास्तविक चिंध्यांची सगळी भिस्त या तळावर असते. शिंप्याकडून मिळणाऱ्या चिंध्या ब्लाउजच्या बाहीच्या आणि काखेच्या, म्हणजे बहुतेक तिरप्या कापातल्या असतात. त्या नुसत्या एकमेकींना जोडत गेले, तर ओढ खाऊन चौकोनाचा शंकरपाळा होतो. त्याच चिंध्या आधी सरळ विणीच्या सुती कापडावर मांडून टाचल्या, तर धावदोरा कडेपासून आत आत फिरवत नेता येतो आणि सगळे जागच्या जागी राहते. असे कापड घेण्यासाठी मी परवा लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो आणि पाच मीटर मांजरपाट मागितले.

विक्रेत्याचा चेहरा एकदम पडला. आवाज खाली आणून त्याने विचारले, "काका, घरचंच कोणी का?"

मला तो प्रश्न उमगेपर्यंत शेजारी साडीला फॉलचा रंग जुळवत बसलेल्या बाईंना तो पुरता उमगला होता. त्यांनी फॉल बाजूला ठेवला, पदर सावरला आणि माझ्याकडे अतीव करुणेने पाहिले.

"वय काय होतं हो?"

"कोणाचं?"

"राहू द्या भाऊ, नका बोलू. सुटले म्हणायचं." मग त्या विक्रेत्यावर घसरल्या. "अरे, अशा वेळी भाव कसला सांगतोस? कमी कर जरा!" त्याने खरोखरच मीटरमागे पाच रुपये कमी केले. मडके, बांबू आणि बाकीचे सामान मागच्या गल्लीत एकाच ठिकाणी मिळते, त्यासाठी वणवण करू नका, हेही बाईंनी मला समजावून सांगितले. त्यांच्या चुलतदिरांच्या वेळी किती धावाधाव झाली, याची हकीकत सुरू होण्याच्या बेतात असताना मी अखेर ओरडलो, "अहो, गोधडीसाठी हवंय!"

दुकानात क्षणभर शांतता पसरली. कोणी गेलेले नाही याचा आनंद होणे बाजूलाच राहिले. आपले दुःख फुकट गेले, याचाच बाईंना संताप आला.

"गोधडीला विकतचं कापड? माझ्या सासूबाईंनी उभ्या जन्मात गोधडीला दमडीचं कापड आणलं नाही. खाली जुनं लुगडं घालायचं, संपलं! आणि तुम्ही का शिवताय? घरात बाईमाणूस नाही का?"

एवढ्यात विक्रेत्याने ते पाच रुपये पुन्हा चढवले होते.

बाईंचे लुगड्याबद्दलचे म्हणणे शंभर टक्के खरे होते, आणि राग येतो तो त्याचाच. वापरून विरलेल्या सुती नऊवारीसारखा तळ दुसरा नाही. तिची खळ केव्हाच गेलेली असते, ती आटायची तेवढी आटलेली असते आणि सुई तिच्यातून विनातक्रार जाते. पण अशी लुगडी आज कोणाच्या घरात आहेत? आमच्या घरातली सगळी बोहारणीने नेली आणि त्यांच्या बदल्यात एक स्टीलचे पातेले दिले, ज्यात दूध आजही हमखास करपते. आता कपाटात उरल्या आहेत त्या जॉर्जेटच्या आणि पॉलिएस्टरच्या साड्या. तळाला घातल्या तर त्या टाका घालता घालता निसटतात, घाम टिपत नाहीत आणि इस्त्री जरा गरम झाली की आक्रसतात. जुन्या चादरीची वीण इतकी घट्ट असते की हाताने टाके घालताना बोटे सोलून निघतात. मलमलीत सुई सुरेख चालते, पण चिंध्यांचे वजन पडले की ती ताणली जाते.

मधेच विक्रेत्याने कॉलरला लावायचे पेस्टिंग पुढे केले. "इस्त्री फिरवली की चिकटतं, काका." गोधडी पांघरायची असते, तिला ताठ मानेने उभे राहायचे नसते, हे मी त्याला सांगितले, ते त्याला पटल्याचे दिसले नाही. अमेरिकेतली माझी भाची कागदावर चिंध्या शिवायला सांगते. तिकडे टंचाईच्या काळात बायका जुनी वर्तमानपत्रे तळाला घेत. यंत्राचा टाका बारीक ठेवला, की कागद त्या भोकांवरून नंतर फाडून काढता येतो. पण आमची गोधडी हाताने, सगळ्या थरांतून आरपार शिवायची. तिच्यातून कागदाचे कपटे वेचत बसायला मला तरी सवड नाही.

म्हणून मांजरपाट. ते स्वस्त असते, वीण सरळ असते आणि ते चिंध्यांना धरून ठेवते. मात्र खळ जाण्यासाठी ते रात्रभर भिजत घालून, गरम पाण्यात धुऊन, वाळवूनच घ्यावे लागते. कोरेच वापरले, तर पहिल्या धुण्यात तळ आटतो आणि वरच्या ठिगळांना चुण्या पडतात. हे सारे मी बाईंना सविस्तर सांगितले. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतले आणि बिल होत असताना विचारले, "भाऊ, माझ्या नातवाला एक शिवून द्याल का? चिंध्या मी पाठवते. तळाचं कापड तेवढं तुमचं घाला, आता घेतलंच आहे तर."

मजुरीचा विषय निघाला नाही. माझा पत्ता मात्र त्यांनी विक्रेत्याच्याच पेनने लिहून घेतला. चिंध्यांची पिशवी अजून आलेली नाही. ती आली, तर त्यात जॉर्जेट असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही.