पोर्तुगीज गोव्याची तिकिटे: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेल्या पोर्तुगीज गोव्याच्या स्मारक टपाल तिकिटांवरील माझा लेख वाचून आपण लिहिले आहे, की ज्या सत्तेने सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या तिची तिकिटे जिवापाड जपणे म्हणजे गुलामगिरीचे कौतुक करणे होय. या आक्षेपातला एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी येथे गोवामुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच राजवटीने भारतातील आपल्या वास्तव्याच्या साडेचारशे वर्षांचा उत्सव तिकिटांवर मांडला. मी त्या मालिकेच्या छपाईविषयी भरभरून लिहिले आणि गोळीबाराचा साधा उल्लेखही केला नाही. ही चूक गंभीर आहे; मूळ लेखात मी ती दुरुस्त करीत आहे.

मात्र ही तिकिटे जपूच नयेत, हे मला पटत नाही. त्याच मालिकेतील एका तिकिटावर सतराव्या शतकातला वसईचा नकाशा आहे. वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकली, म्हणजे हातून जाऊन २१७ वर्षे झालेले ठाणे पोर्तुगीज सरकार १९५६ मध्येही आपल्या वैभवाची खूण म्हणून मिरवत होते. पायाखालची जमीन सरकत असताना ही सत्ता कशाला कवटाळून बसली होती, ते या इवल्याशा कागदावर तिच्याच हातचे लिहिलेले सापडते. असा पुरावा मी का टाकून द्यावा?

शिवाय सगळीच तिकिटे पोर्तुगीज व्हाइसरॉयांची, म्हणजे राज्यकर्त्यांची, नाहीत. १९५५ मध्ये मोन्सेन्योर (ख्रिस्ती धर्मगुरूंची एक पदवी) दालगादो यांच्या जन्मशताब्दीची तिकिटे निघाली. ते गोव्याच्या बार्देश तालुक्यातील आसगावचे आणि त्यांनी कोकणी-पोर्तुगीज शब्दकोश रचला. त्यांना परक्यांच्या खात्यात टाकायला माझे मन तयार होत नाही.

आणि दादरा-नगर हवेलीचे काय? १९५४ मध्ये तो मुलूख मुक्त झाल्यावर पोर्तुगीज तिकिटांवरच ‘लिबरेटेड एरियाज’ (मुक्त प्रदेश) अशी अक्षरे छापून ती वापरली गेली. त्या अक्षरांचे मोल खालचे मूळ तिकीट पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून ही दोन्ही मी यापुढे एकाच पानावर लावणार आहे.

एक विनंती आहे. आपल्या घरी त्या काळातील टपाल असेल, तर कृपया पाकिटांवरची तिकिटे पाण्यात भिजवून सोडवू नका. शिक्क्यातील गाव आणि तारीख पाकिटासह शाबूत राहिली, तरच ते पत्र कोणत्या दिवसांत, कोठून निघाले हे सांगता येईल.